पांढऱ्या ठिपक्यांची भिंत

दोन बटणं होती. एक हिरवं आणि एक पिवळं. हिरव्यावर लिहिलं होतं 'समजलं', पिवळ्यावर 'नाही समजलं'. दोन्ही बटणं लिंबूच्या पोटावर होती आणि खडकपिंपरीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात जमलेलं सगळं गाव त्या पोटाकडे टक लावून बघत होतं.

लिंबू हा यंत्रमानव. रंगाने पिवळा, अंगाने गोल आणि एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा. गेला तासभर तो एक योजना वाचून दाखवत होता. ऐकता ऐकता पहिल्या रांगेतले दोघे जण चक्क घोरायला लागले होते.

वाचन संपलं तशी बारा वर्षांची मंजिरी ढगे उठली, पुढे गेली आणि तिने पिवळं बटण दाबलं.

"अगं ए पोरी!" सरपंच रंगनाथआबा खुर्चीतून ताडकन उठले. "काय करायलीस? हिरवं दाब, हिरवं! पेढे आणून ठेवलेत की!"

"पण आबा, मला नाही समजलं," मंजिरी म्हणाली.

आता एका योजनेचा आणि मंजिरीचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. तर ही गोष्ट २०५८ सालची. त्याच्या सहा वर्षं आधी देशात एक झकास कायदा झाला होता. कुठलीही राष्ट्रीय योजना मंजूर होण्याआधी ती बारा वर्षांच्या एका मुलाला किंवा मुलीला समजली पाहिजे. मोठ्या माणसांना काही न समजताही मान डोलवायची सवय असते, हे कायदा करणाऱ्यांना स्वतःवरूनच ठाऊक असणार. मूल चिठ्ठी टाकून निवडायचं. त्याला कितीही प्रश्न विचारता यायचे आणि पटलं तर समितीला तिथल्या तिथे योजना बदलताही यायची. पण संध्याकाळी पाचच्या आत हिरवं बटण दाबलं गेलं नाही, तर योजना वर्षभरासाठी परत!

या वेळची योजना होती कर्करोग संशोधनाचं राष्ट्रीय धोरण. कोट्यवधी मुलांमधून चिठ्ठी निघाली ती मराठवाड्यातल्या खडकपिंपरीच्या मंजिरीची. गावाने शाळेला तोरण बांधलं, आबांनी तालुक्याहून पेढे मागवले. समितीच्या अध्यक्ष डॉ. पद्मजा टिळेकर स्वतः आल्या. बाकीचे दहा सदस्य आपापल्या शहरांतून लिंबूच्या पाठीवरच्या पडद्यावर बसले होते.

खरं म्हणजे ही योजना व्हावी असं मंजिरीइतकं कुणालाच वाटत नसेल. तिच्या कमलआत्याला दोन वर्षांपूर्वी कर्करोग झाला होता. आत्या आता ठणठणीत होती, डोक्यावर कुरळे केससुद्धा उगवले होते. पण ते दिवस मंजिरी विसरली नव्हती. म्हणूनच तिला खोटं बटण दाबवत नव्हतं.

"कुठे अडलं?" डॉ. पद्मजांनी विचारलं. सत्तरीच्या बाई, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चेहऱ्यावर राग अजिबात नाही.

"पहिल्याच ओळीत. 'बहुआयामी, समन्वित व परिणामाभिमुख', म्हणजे काय हो?"

"म्हणजे विविध आयामांना सामावून घेणारे, परस्परांशी समन्वय साधणारे आणि..." लिंबू सुरू झाला.

"लिंबू, तू जरा गप्प बस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी खडू उचलला. "सहाशे बारा पानं आहेत, मंजिरी. मी फळ्यावर एका पानात सांगते. आपलं शरीर कशाचं बनलंय?"

"पेशींचं." (पेशी म्हणजे शरीराची सगळ्यांत लहान जिवंत वीट, हे सातवीच्या पुस्तकात होतं.)

"शाबास. प्रत्येक पेशीत सूचनांची एक पोथी असते. कधी वाढायचं, कधी थांबायचं. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा ती पोथी उतरवून घेतली जाते. उतरवताना कधीतरी चूक होते. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतं. पण काही चुका साचत गेल्या आणि 'आता थांब' ही ओळच गळाली, तर?"

"तर ती पेशी वाढतच राहील."

"हाच कर्करोग. आणि पोथीत कुठल्या ओळी चुकल्या त्यावर त्याचे प्रकार ठरतात. शेकडो प्रकार. म्हणून सगळ्यांना लागू पडेल असं एकच औषध नाही."

मंजिरीने मान हलवली. मग तिने विचारलं, "मग तुमच्या धोरणात औषध कुठलं लिहिलंय?"

पडद्यावरचे दोन सदस्य हसले. डॉ. पद्मजा हसल्या नाहीत. "एकही नाही. लोकांचा हाच गोंधळ होतो. धोरण म्हणजे औषध नव्हे. आधी कुठला प्रश्न सोडवायचा, तो कुणी सोडवायचा, आणि जे कळेल ते सगळ्यांपर्यंत कसं पोचवायचं, हे आधी मिळून ठरवणं म्हणजे धोरण. नाहीतर शंभर हुशार माणसं एकाच दारावर धडका देतात आणि शेजारचं दार कुणी उघडूनही बघत नाही."

हे मंजिरीला आवडलं. मग प्रश्नांची नुसती सरबत्ती सुरू झाली. नोंदपट कशाला? (नोंदपट म्हणजे कुणाला, कुठे, कोणत्या प्रकारचा कर्करोग झाला याची देशभराची यादी.) तर कुठल्या भागात कुठला प्रकार जास्त आहे ते कळलं, की कारण शोधता येतं. नमुनापेढी कशाला? (नमुनापेढी म्हणजे आजारी पेशींचे तुकडे गोठवून जपून ठेवायची जागा.) तर आज न सुटलेला प्रश्न दहा वर्षांनी नव्या यंत्रावर सोडवता येतो. आजार लवकर सापडला तर बरा करणं सोपं जातं, म्हणून स्वस्त तपासणी शोधण्याचं काम यादीत सगळ्यांत वर. आणि नव्या औषधांच्या चाचण्या फक्त मोठ्या शहरांत न होता जिल्ह्याजिल्ह्यांत होणार, कारण शहरापासून चारशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाचंही शरीर औषधाला काय उत्तर देतं ते कळायला हवं.

फळा भरला. दुपारचे साडेतीन वाजले. एवढ्यात दारातून खमंग वास आला आणि पाठोपाठ कमलआत्या आली, डोक्यावर धपाट्यांची टोपली घेऊन.

"आधी खाऊन घ्या मॅडम, मग देश चालवा," ती म्हणाली. "आणि हा पिवळा काय खातो?"

"मी सौरऊर्जेवर चालतो," लिंबू म्हणाला.

"मग उन्हात बस जा."

सगळे हसले. आत्याने मंजिरीच्या हातावर धपाटं ठेवलं. "काय गं, समजलं का?"

"सगळं समजलं आत्या. एक सोडून."

"काय ते?"

"तुझे चार महिने."

डॉ. पद्मजांनी हातातलं धपाटं खाली ठेवलं आणि "कसले चार महिने?" असं हळूच विचारलं.

"मला आधी एक नवीन औषध दिलं होतं, मॅडम," आत्या सांगू लागली. "चार महिने घेतलं. उलट्या, ताप, केस गेले, अन् गाठ होती तेवढीच. मग डॉक्टरांनी औषध बदललं, ते लागू पडलं, म्हणून आज उभी आहे. पण नंतर डॉक्टरांना कुठून तरी कळलं, की तेच औषध माझ्यासारख्याच आजाराच्या एकोणीस बायांना नऊ वर्षं आधी दिलं होतं. एकीलाही गुण आला नव्हता. ते कागद कुणाच्या तरी कपाटात पडून होते."

"मग त्यांनी सांगितलं का नाही?" मंजिरी म्हणाली. हे ती दोन वर्षं स्वतःला विचारत होती.

"न जमलेलं कोण सांगतंय बाई?"

मंजिरी लिंबूकडे वळली. "लिंबू, काही सापडलं तर सगळ्यांना कळवा, असं योजनेत किती ठिकाणी आहे?"

"एकशे चार."

"आणि नाही सापडलं तर?"

लिंबूच्या डोळ्यांतले दिवे फिरले. "सहाशे बारा पाने तपासली. आढळले नाही."

डॉ. पद्मजा खडू हातात तसाच धरून उभ्या होत्या. चाळीस वर्षं संशोधनात घालवलेल्या बाई, पण कानशिलं लाल झाली होती. मंजिरीने त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "चला, तुम्हाला आमची भिंत दाखवते."

लिंबूसकट सगळं गाव त्यांच्या मागोमाग निघालं. शाळेची मागची भिंत गेरूने रंगवलेली होती आणि तिच्यावर गावाचा भला मोठा नकाशा होता. त्यावर ठिपकेच ठिपके, काही निळे आणि पुष्कळसे पांढरे.

"निळा म्हणजे इथं बोअर घेतला अन् पाणी लागलं," मंजिरी म्हणाली. "पांढरा म्हणजे कोरडा गेला, नुसता धुरळा उडाला. मी तिसरीत असताना आमच्या वर्गाने हा नकाशा सुरू केला. घरोघर विचारत गेलो, तर सगळे म्हणाले पाणी लागलं. नुसते निळे ठिपके! त्यावरून काहीच कळेना. मग पांढरे आले. आता बघा बरं."

डॉ. पद्मजा चार पावलं मागे सरकल्या आणि त्यांना दिसलं. पांढऱ्या ठिपक्यांच्या गर्दीमधून म्हसोबाच्या टेकडीपासून थेट ओढ्यापर्यंत निळ्यांचा एक तिरका पट्टा गेला होता. खाली जिथे खडकाला भेगा होत्या, तिथलीच ती पाण्याची वाट. पांढरे ठिपके नसते तर ती कुणाच्या बापाला दिसली नसती.

"नंतर गावाने नऊ बोअर घेतले," मंजिरी अभिमानाने म्हणाली. "आठ लागले."

लिंबूच्या पाठीवरून एक जाड चष्म्याचे सदस्य खाकरले. "कल्पना गोड आहे, बाळ. पण स्वतःच्या अपयशाची दवंडी कोण पिटेल? लोक हसतील. कुठलीही प्रयोगशाळा आपणहून सांगणार नाही."

मंजिरीने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं. हिरवं दाबलं तर खोटं, नाही दाबलं तर सगळ्या आजारी माणसांचं एक वर्ष वाया.

तेवढ्यात मागून कुणीतरी घसा साफ केला. सरपंच रंगनाथआबा पुढे आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"साहेब, मी सांगतो," ते म्हणाले. "ते वरचे तीन पांढरे ठिपके माझे. तिन्ही बोअर कोरडे गेले. गावचा सरपंच मी, हसं होईल म्हणून त्याच्यावर कडब्याच्या गंज्या रचल्या. कुणाला पत्ता लागू दिला नाही. माझ्या शेजारच्या नामदेवनं माझ्या कोरड्या बोअरपासून वीस पावलांवर बोअर घेतला. मला ठाऊक होतं, साहेब. मी तोंड उघडलं नाही. त्याचाही कोरडा गेला."

आबा थांबले. नामदेवकाका गर्दीतच होते. ते आबांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"उन्हाळ्यात गुरांनी गंजी खाऊन संपवली अन् पाइप उघडा पडला. मग काय लपवणार? आलो शाळेत, म्हटलं, पोरींनो, रंगनाथच्या नावाचे तीन पांढरे ठिपके काढा. लोक हसले, हो. एक दिवस हसले. दुसऱ्या दिवशी या भिंतीपुढं अकरा जणांची रांग! प्रत्येकाच्या गंजीखाली एकेक होता. पहिल्यानं सांगितलं की बाकीच्यांना सांगायला लाज वाटत नाही, साहेब. एवढंच लागतंय."

जाड चष्म्याच्या सदस्यांनी चष्मा काढून पुसला. "माझ्याही कपाटात फसलेल्या प्रयोगांच्या सात फायली आहेत," ते म्हणाले. "माझं पहिलं 'नाही जमलं' तुम्ही लिहून घ्या."

पुढची वीस मिनिटं नुसती धावपळ. डॉ. पद्मजा भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या आणि मंजिरीला विचारून विचारून एक पान लिहू लागल्या. 'जो कर्करोगाचा प्रयोग करेल, त्याने तो फसला तरी सहा महिन्यांच्या आत सगळ्यांना सांगावं. सांगणाऱ्याला कुणी हसू नये. नवा प्रयोग सुरू करण्याआधी प्रत्येकाने ही यादी वाचावी.' लिंबूने त्यात 'बहुआयामी' घालायचा प्रयत्न केला. मंजिरीने तो हाणून पाडला.

दहा सदस्यांचे दहा हात वर झाले. सहाशे तेरावं पान योजनेला जोडलं गेलं. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती.

मंजिरीने हिरवं बटण दाबलं.

असा गलका झाला की छपरावरची कबुतरं उडाली. आबांनी पेढ्यांचं खोकं उघडलं आणि पहिला पेढा नामदेवकाकांच्या तोंडात कोंबला. लिंबूने हौसेने स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या आणि टोपलीवर आदळला.

गडबड जरा ओसरल्यावर डॉ. पद्मजा कमलआत्याजवळ आल्या. "त्या एकोणीस बायांचे कागद मी शोधून काढीनच. पण यादीतली पहिली नोंद तुमची असावी, असं मला वाटतं. या चष्मेवाल्यांची दुसरी. तुमचं नाव नाही घातलं तरी चालेल."

"घाला की," आत्या म्हणाली. "लपवायला मी काय गंजी रचलीय?"

तिने औषधाचं नाव सांगितलं, किती दिवस घेतलं ते सांगितलं, आणि काय झालं नाही तेही सांगितलं. लिंबूच्या पाठीवर देशाचा कोरा नकाशा उमटला आणि त्यावर, खडकपिंपरीच्या जागी, एक पांढरा ठिपका लागला. क्षणभर तो एकटाच होता. मग चष्म्याच्या सदस्यांच्या शहरात एक लागला. बातमी पसरली तसा दूर पूर्वेच्या एका प्रयोगशाळेने एक लावला. दक्षिणेला किनाऱ्याजवळ दोन. डोंगरांमध्ये एक. अंधार पडेपर्यंत मंजिरीने सतरा मोजले.

"आता मधली वाट दिसेल," ती म्हणाली.

आत्या त्या पहिल्या ठिपक्याकडेच बघत होती. "म्हणजे कुणीतरी एक बाई आता ते औषध घेणार नाही," ती म्हणाली. "तिचे चार महिने वाचले." आणि तिने डोळे पुसून टोपलीतलं शेवटचं धपाटं मंजिरीला दिलं.