नागमोडी जखमा

बाइंडर नाना आपल्या दुकानात उताणे पडले होते. डोक्यावर हातोडीचे सहा घाव. कवटी दुसऱ्यातच फुटली होती. मग उरलेले चार कशासाठी, हा हिशेब इन्स्पेक्टरबाईंना लागेना. रक्त खळीच्या भांड्यात उतरलं होतं.

मारणारा कबूलच होता: नानांचा मेहुणा. मागच्या घरात त्याने बाही वर केली. डाव्या हातावर तीन जखमा, गांडुळासारख्या नागमोडी.

“जागा विकू म्हटलं, तर भावजी सुरी घेऊन अंगावर आले. हात नुसता लटलटत होता! हातोडी उचलली नसती तर आज मी आडवा असतो.”

“हात नेहमीच थरथरायचा?”

“गल्लीला विचारा. कंपवात! बाहेर बाकावर बसले की बोटं गोळ्या वळत असायची.”

“मामा, बाबा कुणावर सुरी उगारणार नाहीत,” नानांची मुलगी म्हणाली.

“तू होतीस तिथे?”

पोरीचा बाप गेला होता. आता त्याचं नावही जाणार होतं.

मामाच्या आईने पाणी आणलं. इतका वेळ मांडीवर निवांत असलेले म्हातारीचे हात पेला उचलताच असे डुगडुगले, की निम्मं पाणी बाईंच्या गणवेशावर.

“वीस वर्षांचं दुखणं, बाई. हा लेकच घास भरवतो.”

बाई मुलीला घेऊन दुकानात गेल्या. कालच्या वह्यांच्या कडा दोरी धरल्यासारख्या सरळ होत्या.

“कुणी कापल्या?”

“बाबांनी.”

“असल्या हातांनी?”

“बाबांचा हात सुरीला ओळखायचा.”

“मामा इथे यायचे?”

“छे! खळीचा वास सोसत नाही म्हणे. बाकावरच गप्पा.”

बाई परतल्या.

“मामा, थरथरीच्या जाती असतात. तुमच्या आईचा हात कामाला लागला की हलतो, विसावला की शांत. नानांचं उलटं. विसाव्याला हलायचा, सुरी धरली की स्थिर. त्यांनी वार केला असता तर जखम वहीच्या कडेसारखी सरळ आली असती. तुम्ही त्यांना कधी काम करताना पाहिलंच नाहीत. खून पाडून स्वतःला कापायला बसलात, तेव्हा थरथर उसनी घेतलीत ती घरातलीच. आईची.”

“कार्टे, तूच बोललीस!” मामाने भाचीचा गळा आवळला. हवालदाराने त्याचं मनगट पिरगाळलं. हाड कडकन वाजलं.

बेड्या पडल्या आणि खुळखुळू लागल्या.

“ही तिसरी जात,” बाई म्हणाल्या. “भीतीची.”

म्हातारी लेकाकडे बघत होती. तिचे हात मांडीवर होते. अगदी शांत.