निळी बोटं

श्रीरामपूरच्या कॉलेजात पोरं गहिनीनाथला पाठीमागं 'छत्रीमास्तर' म्हणायची, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पावसाळा लागला की हा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक पिशवीत चाकू, भिंग आणि जुनी वर्तमानपत्रं घालून बांध, ओढे, उकिरडे पालथे घालायचा. उगवलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या छत्रीला नाव मिळालंच पाहिजे, असा त्याचा हट्ट. नाव मिळालं की त्याला गाढ झोप लागे. जगात बिननावाचं काही राहू नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्र्याहत्तरच्या श्रावणात तो लेकीला घेऊन गावी आला. बायको, चांगुणा, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. बनू अजून शाळेतही न जाणारी, त्यामुळं तिला सांभाळायला आजीच हवी होती. खर्ड्याला एस.टी.तून उतरायचं आणि किल्ला डाव्या हाताला ठेवून चालत सुटायचं, की वाडी येते. गेल्या साली याच रस्त्यावर त्याची आई गोजरबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आता दोन्ही अंगांना बाजरी उभी होती आणि बांधावरचं गवत पोरीच्या गुडघ्याला लागत होतं. गहिनीनाथला उगीचच हसू फुटत होतं.

गोजरबाईनं नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि उंबऱ्यातच बातमी दिली.

"आसरांच्या वढ्याला अळंबी आलीया, गहिनू. दोन सालं तोंडात न्हाई गेली. उद्या निवद दावते न् आनते."

"कसली अळंबी?"

"वरनं बदामी, खालनं शेंदरी."

गहिनीनाथ पाय धुता धुता थांबला. "खाली पडदे असतात का बारीक बारीक भोकं?"

"भोकं. चाळणीवानी."

"आणि दाबलं की?"

"निळी पडती," आई म्हणाली. तिला त्यात विचारण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

गहिनीनाथला मात्र रात्री जेवण गोड लागलं नाही. तो लहानपणीच मामाकडं श्रीरामपूरला शिकायला गेलेला, त्यामुळं आसरांच्या ओढ्याची ही अळंबी त्यानं कधी पाहिली नव्हती. तशीही ती आणायला बायकाच जात. त्याच्याजवळ एक परदेशी ग्रंथ होता. त्यात अळंबी ओळखायची रीत प्रश्नांची होती. खाली पडदे की छिद्रं? छिद्रं पिवळी की लाल? दाबल्यावर निळी होतात का? देठावर जाळी आहे की ठिपके? एकेक उत्तर द्यायचं आणि पुढच्या प्रश्नाला जायचं, शेवटी नाव हातात येतं. आणि त्या ग्रंथानं एक गोष्ट बजावून सांगितली होती: लाल छिद्रांची, निळी पडणारी अळंबी तोंडात घालू नये.

"मी बघितल्याशिवाय ती शिजवायची नाही, आई," तो म्हणाला.

गोजरबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "तू कशाला जातूस? आदी बायांनी जायाचं असतंय," एवढं बोलून ती अंथरुणं घालायला उठली.

सकाळी ती धारेला बसलेली बघून तो बनूचं बोट धरून निघाला.

ओढ्याच्या वळणावर जांभळं आणि अर्जुनसादडे दाटीनं उभे होते. दुष्काळात लोकांनी वैरणीसाठी बाभळीसुद्धा बोडक्या केल्या, पण इथल्या फांदीला कुणी हात लावला नव्हता. काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते, पाण्यात राहणाऱ्या साती आसरा. त्यांच्या पायाशी डोह. पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. गहिनीनाथच्या ते लक्षात आलं आणि त्यानं ते सोडून दिलं, कारण तेवढ्यात त्याला पाचोळ्यातून वर आलेल्या बदामी टोप्या दिसल्या होत्या.

"बने, तिथंच उभी राहा. पाण्यात जायचं नाही, कशाला हात लावायचा नाही."

तो पोटावर आडवा झाला आणि पहिल्या टोपीखाली डोकावला. खालून ती खरोखर शेंदरी होती. त्यानं अंगठा दाबला. अंगठ्याच्या जागी आधी करडी सावली आली, मग बघता बघता गर्द निळं उमटलं. इतकी वर्षं छापील वाचलेलं डोळ्यांनी बघताना माणसाला जो आनंद होतो तो त्याला पुरेपूर झाला. तो एकीकडून दुसरीकडं रांगत गेला आणि दिसेल त्या अळंबीला अंगठा लावत सुटला.

मग एकीखाली आधीच निळं दिसलं.

चार बारीक बोटं ओळीनं, आणि समोरून एक आखूड अंगठा. पुढच्या दोन सोडून तिसरीवर तसंच. ते निळं कोवळं होतं, आत्ता उमटल्यासारखं. हे निळं फार वेळ टिकत नाही, थोड्याच वेळात मळकट तपकिरी होतं, हे त्यानं वाचलं होतं आणि आपल्या अंगठ्यांवरून आत्ताच पाहिलंही होतं.

"बने! हात लावू नको म्हटलं होतं ना!"

"मी इथंच आहे, बाबा."

ती डोहाच्या कडेला दगडांपाशी उभी होती, हात मागं बांधून. फ्रॉक कमरेपर्यंत ओला होता.

"पडलीस?"

"नाही पडले," बनू म्हणाली.

त्यानं तिला दोन शब्द सुनावले, पोरीचा फ्रॉक पिळला आणि कामाला लागला. बोटं उमटलेल्या अळंब्या त्याला नमुना म्हणून नको होत्या. स्वतःच्या अंगठ्याखेरीज डाग नसलेल्या चार-सहा त्यानं चाकूनं कापून पाटीत घेतल्या. घरी आल्यावर आईनं विचारलं, "बगितलीस?" तो "बघितली" म्हणाला आणि भिंग घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसला.

आणि इथंच त्याचं चुकलं. बघितली म्हणजे काय बघितलं, हे त्यानं सांगितलं नाही. आईनं विचारलं नाही. दहीभात आणि हिरव्या बांगड्या घेऊन ती निवांतपणे ओढ्याला निघून गेली.

दुपारपर्यंत गहिनीनाथला कशाचीच शुद्ध नव्हती. त्यानं अळंबी उभी चिरली, पिवळा गर हवा लागताच निळा झाला. एक टोपी पांढऱ्या कागदावर पालथी घालून ठेवली, म्हणजे बीजाणूंची भुकटी गळून तिचा रंग कळतो. प्रश्नामागून प्रश्न सुटत गेले आणि शेवटच्या प्रश्नावर गाडं अडलं. देठावर जाळी की ठिपके? वर जाळी होती, खाली ठिपके. ग्रंथात अशी अळंबी नव्हती. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पाणी प्यायला तो ओसरीवर आला तेव्हा पाटी कलंडलेली होती. बाकीचे नमुने अंगणात विखुरले होते, टोचून टोचून निळे झालेले. त्यांच्याशेजारी आईची तांबडी कोंबडी पाय ताणून पडली होती. त्यानं तिला पायानं हलवलं. ती ताठ झाली होती.

चुलीपाशी बनू ताटली चाटत होती.

"बाबा, आजीनं अळंबीची भाजी केली. मटणासारखी लागते."

गहिनीनाथनं तांब्या टाकून दिला.

त्यानं पोरीला उचललं, मिठाचं पाणी पाजलं, घशात बोट घातलं. ती रडली, ओकली नाही. पुन्हा पाजलं. थोडं पाणी तेवढं बाहेर आलं. तो ओरडत शेजारच्या कारभारीकडं धावला. कारभारी म्हातारा खरा, पण गडी तयारीचा. काय झालं ते न विचारताच त्यानं बैल जुंपले. गाडी खर्ड्याच्या वाटेला लागली. बनूच्या ओठांकडं, नखांकडं, बुबुळांकडं गहिनीनाथ पुन्हा पुन्हा बघत होता. चांगुणाला काय सांगू, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घण घालत होता.

गोजरबाई नातीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"उगं पोरीला भेवडू नगंस. मी बी खाल्लीया. मला कुठं काय झालंय?"

"कोंबडी मेली, आई!"

"ती तुज्या अंगठ्याची टोचून मेली. तुज्या अंगठ्याची म्या एक बी न्हाई आनली."

गाडी दगडावरून धडकून गेली.

"बारकी बोटं हुती तेवढीच आनली," ती म्हणाली. "तेवढीच आनायची असत्यात. बाकीच्या तोडायच्या न्हाईत. तू समद्यांवर अंगठं उठवून लई घोटाळा करून ठिवलास."

"तुला दिसतं कुठं, आई? डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय तुझ्या!"

"डोळ्यानं कशाला? हातानं बगितलं. तुज्या खळीत माजं बोट गपकन बसतंय. त्येंच्या खळीत बसंना."

"त्यांच्या म्हणजे कुणाच्या?"

पुढं बसलेल्या कारभारीनं मान वळवली नाही, पण बैलांना हाकायचा थांबला.

"अळंबी ज्यांची हाय त्येंच्या," गोजरबाई म्हणाली. "त्यांनी हात लावला की इजा न्हाई. ते त्यांचं असतंय. त्यांनी दिलं म्हनून आपन घ्यायचं."

खर्ड्याच्या डॉक्टरांनी बनूची जीभ बघितली, पोट दाबलं, उजव्या हाताची नाडी धरली. औषध पाजून पोरीला बाकावर निजवलं आणि वाट बघायची म्हणाले. गहिनीनाथ वाट बघत बसला.

ऊन बाकावरून भिंतीवर सरकलं.

बनू झोपली. तिचा श्वास संथ होता.

त्यानं तिच्या नाकाशी पुन्हा हात धरला.

दिवेलागणीला ती उठून बसली आणि म्हणाली, "आजी, भूक लागली."

गहिनीनाथ तोंडात उपरणं कोंबून रडला. डॉक्टरांसमोर, कारभारीसमोर, बाजारातनं डोकावणाऱ्या बायांसमोर रडला आणि त्याला कसलीच लाज वाटली नाही. कारभारीनं कोपऱ्यावरच्या हॉटेलातून भज्यांचा पुडा आणला. परतीच्या वाटेवर सगळ्यांनी ती गारढोण भजी खाल्ली, आणि बनूनं म्हाताऱ्याला बैलांची नावं विचारून विचारून बेजार केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटा ओढ्याला गेला. आईच्या विळ्यानं कापलेले देठ जागोजागी दिसत होते. उरलेल्या सगळ्या उभ्या होत्या, आणि प्रत्येकीखाली त्याचाच अंगठा, आता तपकिरी झालेला. त्यानं एक उभी चिरली. मग आईनं कापलेल्या देठांपैकी एकाचं बूड उकरून चिरलं. गर तोच, रंग तोच, वास तोच, खालचे ठिपकेही तेच. भिंगाखाली तो कितीतरी वेळ बघत होता. दोन्हींत फरक नव्हता. एकीनं कोंबडी मेली होती आणि दुसरी त्याची लेक मिटक्या मारत जेवली होती. त्यानं चाकू पुसला, सात दगडांपुढं चप्पल काढून हात जोडले आणि नमुना न घेता परतला. नाव शोधायचं त्यानं तिथंच सोडून दिलं. मन इतकं हलकं झालं होतं की त्याचंही वाईट वाटलं नाही.

पोरीला मागं ठेवायचा धीर काही त्याला झाला नाही. त्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं तो बनूला घेऊन निघाला. गोजरबाईनं शेंगांची पुरचुंडी दिली, नातीचे गाल कुस्करले. बनूनं खिडकीतून आजीला टाटा केला तेव्हा तिच्या पांढऱ्या फ्रॉकची लांब बाही कोपरापर्यंत वर सरकली.

डाव्या मनगटावर निळं होतं.

चार बारीक बोटं ओळीनं, आणि आतल्या बाजूनं एक आखूड अंगठा.

"हे काय लावून घेतलंस?" त्यानं हसत विचारलं. रुमाल थुंकीनं ओला करून तो पुसायला लागला. निळं निघालं नाही. मग त्याचं बोटांच्या दिशेकडं लक्ष गेलं आणि रुमाल थांबला. ती डाव्या हाताची बोटं होती. स्वतःचं डावं मनगट स्वतःच्याच डाव्या हातानं कुणाला धरता येत नाही.

"त्या मुलीनं धरलं होतं," बनू शेंगा सोलत म्हणाली. "डोहात पाय घसरला ना, तेव्हा. म्हणून तर मी पडले नाही."

"कोणती मुलगी?"

"ओली होती ती," बनू म्हणाली आणि खिडकीतून किल्ला बघायला लागली.

त्याला भीती वाटायला हवी होती. पण आधी सुटला तो सुस्कारा. पोरगी बुडाली नव्हती, विषानं गेली नव्हती, मांडीवर बसून शेंगा खात होती. त्यानं तिला घट्ट जवळ घेतलं. मग आईचं बोलणं आठवलं: ते त्यांचं असतंय. त्यांनी दिलं म्हनून आपन घ्यायचं.

त्यानं बाही खाली ओढून मनगटाची गुंडी लावली. निळं फार वेळ टिकत नाही, हे त्याला माहीत होतं. जामखेड आलं तेव्हा त्यानं गुंडी सोडून बघितलं. नगर आलं तेव्हा पुन्हा बघितलं. बोटं कोवळी निळी होती, आत्ताच धरल्यासारखी.