एका पायावर तीस आकडे

“परवा तुझा भाऊ सुरेश येतोय न्यायला. आता मिरजेला जाऊनच काय ती नाच एका पायावर!”

सासूबाईंचे शब्द कानावर आदळले तशी घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर उभी असलेली मीनाक्षी डगमगली... दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी बजावलं होतं, डोळे मिटून तीस मोजायचे, तरच घोट्याला तोल सापडेल. डोळे मिटून! चंदीगडात अतिरेक्यांच्या हल्ल्यांच्या त्या दिवसांत उघड्या डोळ्यांनीही जीव मुठीत धरून वावरावं लागे, दारावरून स्कूटर गेली तरी काळजाचं पाणी होई!

महिन्यापूर्वी सेक्टर सतराच्या बाजारात ‘बम, बम!’ अशी ओरड झाली, माणसं वाट फुटेल तिकडे धावत सुटली आणि मीनाक्षीने सासूबाईंचा, अहिल्याबाईंचा, हात सोडला... भर गर्दीत! “म्हातारीला मरायला टाकून पळाली. पळताना घोटा मुरगळला, देवानेच शिक्षा दिली!” हे त्यांनी विलासच्या मनावर इतकं बिंबवलं, की तोही बायकोला माहेरी धाडायला तयार झाला. मीनाक्षीचा घोटा लहानपणापासून अधू, हे लपवून लग्न झालेलं; कोणत्या तोंडाने सांगणार होती बिचारी!

सोळा... सतरा...

धाड्!

“अगं बाई, गोळी!” अहिल्याबाई किंचाळत धावल्या आणि त्यांनी सुनेचा हात गच्च धरला. त्याच क्षणी मीनाक्षीचा घोटा कलला. कोसळता कोसळता तिने तो हात हिसडून सोडवला आणि एकटीच फरशीवर आदळली!

“टायर फटा है जी, डरो मत!” बाहेरून कुणीतरी ओरडलं.

अहिल्याबाई तिच्यावर वाकल्या. “हात का सोडवलास?”

“तुम्हीही पडला असता, आई...”

“आणि त्या दिवशी?”

मीनाक्षीला हुंदका आवरेना. “घोटा गेला होता... लोक अंगावरून धावत होते. तुम्हाला कशी ओढू खाली? हा पाय पहिल्यापासूनच असा आहे, आई... लपवलं आम्ही!”

अहिल्याबाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या.

“मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही गं... तुला तुडवत होते आणि मी धावत होते! पळाले ती मी, पोरी!” त्यांनी तिचा सुजलेला पाय मांडीवर ओढून घेतला.

“आई, पाय नको हो...”

“गप बस! आणि सुरेशला सांग, आलायस तर चार दिवस राहा, आणि जाताना एकटाच जा.”