साखऱ्याचं बाळ, शिरडची सृष्टी

कल्पना करा हं. तुम्ही जन्मलात आजोळी आणि वाढलात बाबांच्या गावी. आजोळच्या दवाखान्याला तुमच्या लशी ठाऊक, बाबांच्या गावच्या दवाखान्याला तुमचं नाव ठाऊक. दोन्हीकडे संगणक आहेत, पण ते एकमेकांशी बोलतच नाहीत... मग तुम्हाला ओळखणार कोण?

पुनमला हेच शिकायचं होतं. हिंगोलीत दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं – दवाखान्यांची ॲप अशी लिहायची, की एकातली नोंद दुसऱ्याला कळावी. पहिल्याच सकाळी ती उशिरा पोचली. एकच खुर्ची रिकामी होती, आणि शेजारचा प्लग एका सावळ्या पोरानं अडवला होता.

"जरा काढता का?"

"माझी बॅटरी चार टक्के हाय."

"माझी तीन."

त्यानं निमूट वायर काढली. खिडकीतून हळद शिजवल्याचा वास येत होता, आणि पुनमला उगाचच वाटलं, हा माणूस वाईट नसावा.

तो शिरड शहापूरचा वैजनाथ. शिकवणाऱ्या निता मॅडमनी दोघांची जोडी लावली. पुनमनं तिच्या गावच्या, साखऱ्याच्या दवाखान्याचं ॲप लिहायचं, वैजनाथनं शिरडच्या दवाखान्याचं. शेवटच्या दिवशी एका खऱ्या लेकराची नोंद इकडून तिकडे गेली, तरच त्यांचं काम वापरलं जाणार होतं.

नऊ दिवस दोघं भांडली. पण वैजनाथ रोज अर्धा तास आधी येऊन तो प्लग पुनमसाठी राखायचा, आणि पुनम ते न पाहिल्यासारखं करायची.

दहाव्या दिवशी आली वैजनाथची पुतणी, पाच वर्षांची सृष्टी. तिची आई सत्यशीला ही साखऱ्याची लेक. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुरुवातीच्या लशीही तिथल्याच.

"लशींचं कार्ड शेळीनं खाल्लं," सत्यशीला म्हणाली.

नोंद सापडली नाही, तर शिरडच्या दवाखान्यातून सोबत आलेल्या सिस्टर त्या लशी राहिल्या असं धरून पुन्हा टोचणार होत्या. सृष्टीनं ते ऐकलं आणि दंड आईच्या पदराखाली लपवला.

वैजनाथनं नाव टाकलं. पडद्यावर उमटलं – असं बाळ नाही.

"तुमचं ॲप बापाचं नाव इचारल्याबिगर दार उघडत न्हाई," पुनम फणकारली.

"अन् तुमच्याला बाप माहीतच न्हाई."

"बाळंतपणाला बाप व्हता कुठं?"

"पेढे आणाया गेल्ते औंढ्याला," सत्यशीला हसली.

निता मॅडमनी घड्याळ पाहिलं. अर्धा तास उरला होता.

पुनम एकदम थांबली. "ताई, हिचं बारसं कधी झालं?"

"बाराव्या दिवशी."

"अन् दवाखान्यातली नोंद पहिल्या दिवशीची." ती वैजनाथकडे वळली. "तवा हिला नावच नव्हतं. माझ्याकडं ही आईच्या माहेरच्या नावानं 'सत्यशीला ज्ञानबाचं बाळ' हाय, तुमच्याकडं बापाच्या नावानं सृष्टी परमेश्वर. जुळंल कसं?"

वैजनाथनं खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि दोघं कामाला लागली. बाळाच्या नावावरून शोधणं सोडलं. जन्मतारीख दोन्हीकडे एकाच पद्धतीनं लिहिली, आईची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं एका क्रमांकाखाली बांधली. कोपराला कोपर लागत होतं. कुणीच बाजूला सरकलं नाही.

पडद्यानं विचारलं – हेच का तुमचं बाळ? नोंदी जोडायच्या?

सत्यशीलानं 'हो'वर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. तिनं पुन्हा, जोरात दाबलं... आणि साखऱ्याच्या साऱ्या लशी शिरडच्या पडद्यावर एकाखाली एक उतरल्या. खोलीभर टाळ्या पडल्या.

"पाचव्या वर्षाची एकच राहिली," सिस्टर म्हणाल्या.

"सोमवारपासून दोन्हीकडे सुरू करू," निता मॅडम म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या तरी वैजनाथ पडद्याकडेच पाहत होता.

"आता बाईचं माहेरचं नाव पुसलं जात न्हाई," तो हळूच म्हणाला. "लग्न झालं तरी."

"मला काहून सांगून राहिले?"

"तुमचं नाव जसंच्या तसं ठेवून... शिरडला येता का, म्हणून."

पुनमच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ओठ हलले, पण 'हो' काही बाहेर येईना.

सृष्टी पदराखालून निघाली. तिनं पुनमचं बोट धरलं, वैजनाथच्या उघड्या तळव्यावर टेकवलं आणि वाट पाहिली. काहीच झालं नाही.

मग आईसारखंच तिनं ते पुन्हा, जोरात दाबलं.