घराकडे तोंड केलेली चिमेनेआ

"तिचं तोंड भिंतीकडेच राहू दे, पोरी. तिला घर दाखवू नकोस."

गावातल्या म्हाताऱ्या कुंभाराने, आबुंदियोबाबांनी, नेरेइदाला एवढंच सांगितलं होतं. ती हसली होती.

हे खरं घडलंय. कुणाला पटो न पटो. नेरेइदा माझी आतेबहीण. आम्ही दोघी एकाच कॉलेजात शिकलो, एकाच वर्षी आई झालो. तिने मला जे सांगितलं ते मी इथे लिहितेय, माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. मेक्सिकोत, पात्सक्वारोच्या वरच्या डोंगरातलं, कुंभारांचं गाव. तिच्या सासरचे लोक अजून तिथेच आहेत.

आणि हे घडलं तेव्हा रात्रही नव्हती. दोन फेब्रुवारीची संध्याकाळ होती. उजेड होता अजून.

नेरेइदाचं सासर चिमेनेआ करणाऱ्यांचं. अंगणात ठेवायची मातीची शेकोटी. मडक्यासारखं गरगरीत पोट, पुढे जाळ घालायला तोंड, वर उंच मान, त्यातून धूर जातो. अंगणात नेहमी पाच-सहा वाळत असायच्या. बायका ओळीने बसल्यासारख्या.

एक मात्र वेगळी होती. कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली.

तिची मान कधीतरी तुटली होती. आबुंदियोबाबांनीच ती फिक्या मातीने आणि तारेने सांधली होती. गळ्यात पट्टा बांधल्यासारखी दिसायची.

"हिला विकत का नाही?" नेरेइदाने नवऱ्याला विचारलं होतं.

"कासिल्दाने केलेली आहे," लिओन्सिओ म्हणाला. "राहू दे."

कासिल्दा म्हणजे त्याची पहिली बायको. लग्नाआधीच त्याने सगळं सांगितलं होतं, डोळ्यांत पाणी आणून. तीन वर्षांपूर्वी ती तान्ह्या मुलाला घेऊन उत्तरेला गेली. सीमेपलीकडे, अमेरिकेत. एक पत्र आलं, मग काहीच नाही.

आमच्याकडे अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी उत्तरेला गेलेलं असतं. त्यावर कोण शंका घेतं?

नेरेइदाला उलट त्याची दया आली होती.

जानेवारीत थंडी वाढली. पोला, म्हणजे तिची मुलगी अमापोला, पाच महिन्यांची होती. संध्याकाळी तिला घेऊन अंगणात बसायला ऊब हवी म्हणून नेरेइदाने कोपऱ्यातली चिमेनेआ वळवायला घेतली. तिच्याकडून ती हलेना. लिओन्सिओ आणि शेजारचा एकजण, दोघांनी मिळून लोखंडी तिवईसकट ती फिरवली.

तोंड घराकडे आलं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. तव्यावरची तोर्तिया, मक्याची भाकरी, करपली...

सासूबाईंची, ओतिलियाबाईंची, तोर्तिया कधी करपत नसे.

जाळ घालण्याआधी तळाला वाळू पसरावी लागते, नाहीतर माती तडकते. नेरेइदाने हात आत घातला. आतल्या बाजूला, पोटाच्या वळणावर, बोटांना काहीतरी लागलं. ओल्या मातीत दाबलेला हाताचा ठसा. बाईचा हात. तीन बोटं लांब, करंगळी अर्धीच.

"सासूबाई, हा कुणाचा हात?"

"असेल कुणाचा. कुंभाराच्या घरात हाताचे ठसे नसतील तर कशाचे असतील? बाहेर काढ तो हात, मिहा. पोरीला दूध पाज."

मिहा म्हणजे पोरी. गोड बोलायच्या त्या. नेहमीच.

पहिल्या संध्याकाळी नुसती ऊब. छान वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी आवाज आला...

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की येतो ना, तसा. खोल. मानेतून. एक लांब, एक आखूड, एक लांब. जसं कुणी मांडीवर मूल घेऊन हुंकार भरतंय.

"वारा आहे," लिओन्सिओ म्हणाला.

दोरीवरचे पोलाचे कपडे हलत नव्हते.

त्यांचा कुत्रा, फ्रिहोल, थंडीत कुठेही ऊब शोधणारा. भट्टीजवळ झोपून शेपटी जाळून घेतलेला. तो त्या अंगणात येईनासा झाला. फाटकाबाहेर, गारठलेल्या दगडावर झोपायचा.

नेरेइदाचं लक्ष सगळीकडे असतं. आई झाल्यापासून तर जास्तच. मला कळतं ते, मीही रात्रीतून तीनदा उठून पोराचा श्वास बघते.

तिच्या लक्षात आलं की फरशा कमी झाल्यात.

चिमेनेआ आणि सासूबाईंच्या खोलीचं दार यांच्यात दहा लाल फरशा होत्या. आता नऊ.

दोन दिवसांनी सात.

तिवईचे तीन लोखंडी पाय. ओढली असती तर ओरखडे पडले असते. एकही ओरखडा नव्हता.

"तूच ढकलत असशील," लिओन्सिओ हसला. "ऊब पुरत नाही म्हणतेस ना? रात्री उठून, झोपेत."

"दोन पुरुष लागले होते तुला ती वळवायला. मी झोपेत ढकलते?"

"बाळंतपणानंतर बायकांना ताकद येते म्हणतात."

"अक्कलही येते. ये, मोज."

त्याने मोजल्या. हसत हसत सुरुवात केली.

पाच...

हसू गेलं. तोंड पांढरं पडलं, कच्च्या भांड्यासारखं. तो सरळ आईच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. नेरेइदा खिडकीखाली उभी राहिली. ऐकलं ते एवढंच.

"आई, मी उद्या ती फोडतो."

"फोडलंस की लोक विचारतात, का फोडलीस. एकदा फोडून पाहिलीस ना? मीच सांधून घेतली. जे जागेवर आहे त्याला कोण काय विचारतं?"

"जागेवर कुठे आहे, आई? जागेवर कुठे आहे?"

मग सासूबाईंचा आवाज, एकदम थकलेला.

"सण होऊ दे. तीन तारखेला भिंतीकडे वळवू."

नेरेइदाने त्या रात्री त्याला विचारलं. काय लपवतोयस?

तो म्हणाला, "काही नाही. तुझी शपथ." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तिने विश्वास ठेवला. हे सांगताना तिचा आवाज अजून कापतो. भुताचं सांगताना नाही कापत.

दोन फेब्रुवारी. कांदेलारियाचा, मेणबत्त्यांचा सण. सहा जानेवारीच्या गोड पावात लपवलेली बाहुली तिच्या वाट्याला आली होती, म्हणजे रिवाजाप्रमाणे सणाचे तमालेस, मक्याच्या पानांत वाफवलेले उंडे, तिनेच आणायचे. सासूबाईंनी आठवण केली.

"बाहुली मिळाली तेव्हा नाचत होतीस. आता जा, रांगेत उभी राहा."

"पोलाला घेऊन जाते."

"या गारठ्यात? वेडी की काय! माझ्याजवळ झोपेल. मुलं वाढवलीत मी."

लिओन्सिओ चर्चमध्ये मेणबत्त्या घेऊन गेला होता. नेरेइदा निघाली. जाताना तिने सवयीने फरशा मोजल्या.

तीन.

चिमेनेआत जाळ नव्हता. तिने स्वतः हात लावून पाहिला. थंडगार होती.

रांगेत तिला अर्धा तास लागला असेल. परत येताना फाटकाशी फ्रिहोल उभा होता. भुंकत नव्हता. थरथरत होता.

अंगणात पाऊल टाकलं आणि तिला आधी काय नाही ते दिसलं...

चिमेनेआ नव्हती.

जिथे ती महिनाभरापूर्वी होती, त्या कोपऱ्यात, भिंतीजवळ, फरशीवर काहीतरी निळं होतं.

तमालेसचं भांडं हातातून पडलं.

पोला होती. एका निळ्या शालीत गुंडाळलेली. उघड्या अंगणात, उघड्या आभाळाखाली. नेरेइदाने तिच्या नाकाशी गाल नेला.

श्वास होता. शांत झोपली होती. तिच्याखालची फरशी कोमट होती. बाकी सगळं अंगण बर्फासारखं.

शाल त्यांच्या घरातली नव्हती.

आणि पोलाच्या गालावर ओल्या मातीचा हात उमटला होता. तीन बोटं लांब. करंगळी अर्धी...

सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. बाहेरून कडी. कडीवर ओली माती. खिडकीच्या काचेत लालसर उजेड हलत होता.

तिने एका हाताने पोलाला छातीशी धरलं आणि दुसऱ्याने कडी काढली.

आतून गरम, जड हवा अंगावर आली. धूर नव्हता. वासही नव्हता. चिमेनेआ खोलीच्या मधोमध होती, पोटभर निखारे घेऊन, तोंड खुर्चीकडे करून. खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. गाल लाल, नुकत्या भट्टीतून काढलेल्या भांड्यासारखे. डोळे उघडे. निखाऱ्यांकडे बघत.

गेल्या होत्या.

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे की चिमेनेआ कधी घरात न्यायची नाही. निखारे बंद खोलीत माणसाला नकळत कायमचं झोपवतात. ओतिलियाबाईंचा सगळा जन्म या कामात गेला होता. आणि दोन पुरुषांना न हलणारी ती वस्तू त्यांनी एकटीने उंबरा ओलांडून आत आणली? वर बाहेरून कडी घालून आत बसल्या?

मागे पावलं वाजली. लिओन्सिओ. हातात विझलेली मेणबत्ती.

नेरेइदाला वाटलं, आता तो विचारेल, पोला कुठे आहे? पोला ठीक आहे ना?

तो आईकडेही गेला नाही. चिमेनेआसमोर गुडघ्यांवर बसला.

"कासिल्दा... मी नव्हतो गं. कडी आईने घातली होती. मी नव्हतो..."

नेरेइदा दारात उभी होती. मूल कडेवर.

"ती उत्तरेला गेली ना, लिओन्सिओ?"

तो वर बघेना.

"पत्र कुणी लिहिलं?"

तो रडायला लागला. उत्तर मिळालं तिला.

तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी, ती आबुंदियोबाबांच्या दारात गेली. म्हातारा सगळं बोलला. तीन वर्षांपूर्वी कासिल्दा मुलाला घेऊन माहेरी निघाली होती, कायमची. ओतिलियाबाई म्हणाल्या, एक रात्र कोंडून ठेवू, शहाणी होईल. गारठा होता, मूल तान्हं होतं, म्हणून दया येऊन तिचीच चिमेनेआ निखारे भरून खोलीत ठेवली. खिडकी लावली. बाहेरून कडी.

सकाळी कडी काढली.

नेरेइदाच्या सासरच्या घरामागे त्यांची स्वतःची लाल मातीची खाण आहे. तीन वर्षं तिथली माती कुणी काढलेली नाही. माती ट्रकने दुसऱ्या गावाहून येते. नेरेइदाने एकदा विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, ती माती भाजताना तडकते, मिहा.

"तिची करंगळी?" नेरेइदाने विचारलं.

"लहानपणीच गेली. माती मळायच्या चाकात." बाबांनी मान खाली घातली. "मी तुला सांगितलं होतं ना, पोरी, तोंड भिंतीकडे ठेव म्हणून."

"तोंड भिंतीकडे ठेव म्हणालात. त्या घरात माणसं मेलीत, असं नाही म्हणालात."

"सगळं गाव एकमेकांचं नात्यातलं आहे..."

"मी कुणाची होते?"



पोलीस आले. म्हातारी बाई, थंडी, चुकून शेकोटी आत नेली, असं लिहून गेले. नेरेइदाने खाणीचं सांगितलं. लिओन्सिओने उत्तरेहून आलेलं पत्र दाखवलं. खाण कुणी खणली नाही.

आता नेरेइदा मोरेलिया शहरात माझ्याकडे राहते. तिसरा मजला, अंगण नाही. निळी शाल तिने टाकली नाही. पोला तिच्याशिवाय झोपत नाही. मी ती दोनदा धुतली. वाळली की पुन्हा मातीचा वास येतो. आणि कधी कधी संध्याकाळी पोला झोपत असताना खोलीतून हुंकार ऐकू येतो. एक लांब, एक आखूड, एक लांब...

मी स्वतःला सांगते, नेरेइदाच असेल.

एकदा आत डोकावले. नेरेइदाही झोपली होती.

याची मला आता तितकी भीती वाटत नाही. भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते.

गेल्या आठवड्यात बाजारात त्या गावची एक भाजीवाली भेटली. मला ओळखून गोड हसली.

"तुझी बहीण कशी आहे गं? तिकडे करमतं का तिला?"

"तिकडे कुठे?"

"उत्तरेला. लिओन्सिओ सांगत होता, मुलीला घेऊन उत्तरेला गेली म्हणून. बिचारा. एक पत्रही आलंय म्हणे. आता पुन्हा लग्न ठरतंय त्याचं. करायलाच हवं ना, एकटा किती दिवस राहणार?"

मी घरी आले. नेरेइदा स्वयंपाकघरात पोलासाठी आतोले, मक्याची पेज, ढवळत होती. मी तिच्या दंडाला हात लावून पाहिला. उगीच. ती आहे ना, एवढंच.

त्या नव्या मुलीचं नाव आम्हाला माहीत नाही. शोधतोय. सापडेपर्यंत तुम्ही एक कराल?

तुमच्या नात्यात, शेजारात, अशी एखादी असेल. लांब गेली, सुखात आहे, वेळ मिळत नाही तिला, असं तिच्या घरचे सांगतात. पत्र येतं, निरोप येतो.

तिला आज फोन करा. निरोपावर राहू नका.

तिचा आवाज तुमच्या कानाने ऐका.