मिशीवाली टरफलं

"कुणीही दाराला हात लावायचा नाही!" काका दबक्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी व्हॅन जागच्या जागी थांबवली.

पुढे वळणावर, रस्त्याच्या अगदी मधोमध, हत्ती उभा होता.

"आई गं! केवढा आहे!" मागच्या सीटवरून तोफ गरजला.

"हळू बोल रे!" टिपकागदनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

तोफ हे काही त्याचं शाळेतलं नाव नव्हे. पण तो कानात जरी काही सांगायला आला, तरी ते शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. त्याची धाकटी बहीण सदा कुणाच्या तरी मागे मागे, म्हणून ती शेपूट. आणि बारा वर्षांची त्यांची मावसबहीण पाहिलेलं, ऐकलेलं सगळं मनात टिपून ठेवायची, म्हणून ती टिपकागद. सुट्टी लागताच ती मावशीकडे आली होती. मावशी आणि काका, म्हणजे तोफेचे आई-बाबा, जंगलाच्या कडेला तंबूंचा कॅम्प चालवायचे, आणि असली मावशी सगळ्यांच्या नशिबात नसते, हे टिपकागदला पक्कं ठाऊक होतं.

व्हॅनमध्ये पुढे बसलेले टोपीवाले पाहुणे कॅमेरा सरसावून म्हणाले, "मी जरा खाली उतरतो. लांबूनच एक फोटो!"

"साहेब, तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो," काका शांतपणे म्हणाले. "काच वर घ्या. हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. तो जाईपर्यंत आपण थांबायचं. रस्ता त्याच्या घरातून गेलाय, आपल्या नाही."

टिपकागदनं हत्तीला लगेच ओळखलं. त्याच्या डाव्या कानाची कड फाटून झालरीसारखी झाली होती. ती आली त्या दिवशी हाच झालरकान्या रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं गाडीकडे एकदा पाहिलं आणि चार पावलं मागे सरून तो झाडीत उभा राहिला, जसा एखादा भला माणूस जिन्यात बाजूला होऊन दुसऱ्याला वाट देतो. तेव्हापासून तो तिचा होता.

आज मात्र तो सरळ व्हॅनकडे निघाला. घाबरलेल्या शेपटीनं टिपकागदचा दंड घट्ट धरला. हत्ती खिडकीवरून गेला. करडी, सुरकुतलेली भिंतच सरकत गेली म्हणा ना. त्यानं आत ढुंकूनही पाहिलं नाही. मागे जाऊन त्यानं डिकीवरून सोंड फिरवली. फूंऽऽ! मग ठप्प! सगळी व्हॅन हलली. टोपीवाल्यांचा कॅमेरा मांडीवर आणि टोपी कॅमेऱ्यावर पडली.

थोडा वेळ हुंगून, जणू निराश होऊन, झालरकान्या झाडीत निघून गेला. डिकीला परातीएवढा खड्डा पडला होता.

*

दुपारी वनाधिकारी बाई कॅम्पवर आल्या. त्यांनी खड्ड्यावरून हात फिरवला आणि मान हलवली.

"रोज कुणाची ना कुणाची तक्रार येतेय. आज डिकी, उद्या माणूस. परवा सकाळी पकडायची माणसं बोलावलीत. त्याला बेशुद्ध करून कुंपणात नेऊन ठेवावं लागेल."

"किती दिवस?" टिपकागदनं विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "असा हत्ती परत सोडत नाहीत, बाळ."

"बिघडला हो तो. एकेकाची बुद्धी फिरते," काका म्हणाले. एरवी बोलताना ते आपल्या टोकदार मिशांना पीळ देत. आज त्यांचे हात खिशात होते. टिपकागदनं तेही टिपलं.

स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर तिघांची बैठक बसली. आत मावशी पाहुण्यांसाठी केक करत होती. शेपूट मात्र तोंड फुगवून बसली होती, कारण अंड्यांवर कोळशानं तोंडं काढायची तिची कला मावशीनं बंद पाडली होती. "डोळ्यात डोळे घालून बघणारं अंडं फोडायचं कसं गं? हात धजत नाही माझा!" मावशीचं म्हणणं होतं. शेवटी फोडून झालेल्या टरफलांवर काढायला हरकत नाही, असा तह झाला होता.

"तो माणसांवर चिडलाच नव्हता," टिपकागद म्हणाली. "चिडला असता तर पुढून आला असता. तो थेट मागे गेला. काहीतरी शोधत होता."

"मागे काय होतं? टोपीवाल्यांची बॅग!" तोफ म्हणाला. "टोप्याच असतील त्यात!"

तेवढ्यात दूधवाल्याचा टेम्पो आला.

"दूधवाले काका, तुम्हाला अडवतो का हो तो हत्ती?" तोफेनं विचारलं. पलीकडच्या तंबूतल्या आजी दचकून बाहेर आल्या.

"येताना नाही. भरलेले कॅन घेऊन गावाकडून येतो, तेव्हा कानसुद्धा हलवत नाही," दूधवाला म्हणाला. "कॅम्पवरून परत जाताना मात्र आडवा येतो! रिकामे कॅन हुंगतो आणि जातो. भरलेल्यात रस नाही आणि रिकाम्यात नाक खुपसतो, काय म्हणावं याला!"

टेम्पो गेला.

"म्हणजे कॅम्पवरून निघालेल्या गाडीच्या मागे काहीतरी खायचं असतं, असं त्याला वाटतं," टिपकागद सावकाश म्हणाली. "रोज कॅम्पवरून मागे भरून काय जातं?"

"कचऱ्याचे डबे," शेपूट म्हणाली. "बाबा नेतात की संध्याकाळी."

"हो, पण ते वनखात्याच्या नाक्यापलीकडे, कचऱ्याच्या खड्ड्यात..." तोफ बोलता बोलता थांबला. त्याचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला की टिपकागदला पुढे वाकावं लागलं. "बाबा ते वाटेतच टाकणार नाहीत. ते रोज सगळ्यांना नियम सांगतात."

टिपकागदला काका आठवले. तिला पोहायला शिकवणारे काका, तिच्यासाठी झोपाळा बांधणारे काका. पण झालरकान्या कुंपणात गेला तर पुन्हा रस्त्यावर दिसणार नव्हता.

"तसं नसेल तर उत्तमच," ती शेवटी म्हणाली. "पण बघायला हवं. आणि वळणावर पायी जायचं नाही."

"मी कुठे जातोय! मला काय वेड लागलंय?"

"हत्ती फळांच्या साली खाईल. काय खाणार नाही?"

तिघांची नजर एकाच वेळी केकच्या अंड्यांच्या टरफलांकडे गेली.

"शेपटे," टिपकागद म्हणाली, "काढ तोंडं!"

*

संध्याकाळी काका कलिंगडाच्या आणि केळ्यांच्या सालींनी भरलेले डबे घेऊन गेले; तोंडं काढलेली टरफलं सालींखाली होती. अंधार पडायच्या आत परतलेसुद्धा. मग पाहुण्यांना खुर्च्यांवर बसवून त्यांनी रोजचा धडा सुरू केला. मावशी त्याला 'यांचे पाढे' म्हणायची.

"खाऊ तंबूत ठेवायचा नाही! साबण आणि टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत! अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर जायचं नाही! जनावर दिसलं तर पळायचं नाही, हळूहळू मागे सरायचं! आणि ज्याला वास येतो ते सगळं खाणंच, अगदी केळ्याची सालसुद्धा!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तोफेनं वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वळणावरची जागा पाहायला निघाल्या. टिपकागदनं विचारलं, "आम्ही येऊ? खाली उतरणार नाही. आवाज करणार नाही." मग तिनं तोफेकडे पाहिलं. "हा तर श्वासही हळू घेईल."

मावशीनं मान डोलावली, बाई हसल्या आणि तिघं जीपमध्ये बसली.

वळणाच्या बऱ्याच अलीकडे बाईंनी जीप थांबवली. झालरकान्या नव्हता, पण झाडीत कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज आला, म्हणून बाईंनी इंजिन चालूच ठेवलं. टिपकागदनं त्यांची दुर्बीण डोळ्यांना लावली. धूळ. चिरडलेलं गवत. झुडपाखाली काहीतरी पांढरं. तिनं दुर्बिणीचं चाक हळूच फिरवलं.

झुडपाखालून दोन गोल डोळे तिच्याकडे पाहत होते. डोळ्यांखाली टोकदार मिशा.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"अंड्याचं टरफल," टिपकागद म्हणाली.

बाईंनी दुर्बीण घेतली. बराच वेळ पाहिलं. "या मिशा ओळखीच्या वाटतात मला."

"मी काढल्या!" शेपूट आनंदानं म्हणाली. "बाबा आहेत ते!" मग तिला काहीतरी उमगलं आणि ती दादाच्या कुशीत शिरली.

तोफ खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यानं सगळं सांगितलं, कुजबुजून. टेम्पो, डबे, टरफलं, सगळं.

"शाबास," बाई म्हणाल्या, पण त्या हसल्या नाहीत. "आता ऐका. मला नुसतं टरफल पुरत नाही. उद्या येणाऱ्या माणसांना थांबवायचं, तर हे खाणं आजपासून खरोखर बंद होणार याची खात्री हवी. ती टाकणाराच देऊ शकतो. मी जाऊन त्यांना दटावू का?"

"नको!" टिपकागद आणि तोफ एकदम म्हणाले.

"आम्हाला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," टिपकागद म्हणाली. "आणि तुम्ही पाढे ऐकायला या."

*

संध्याकाळी कंदील लागले. बाई पाहुण्यांमध्ये मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. काकांचे पाढे रंगात आले. "अगदी केळ्याची सालसुद्धा! आता कुणाला काही प्रश्न?"

टिपकागदनं हात वर केला.

"काका, साल पेटीत ठेवली. पेटीतून डब्यात गेली. डब्यातून पुढे कुठे जाते?"

"पुढे? नाक्यापलीकडे. खड्ड्यात," काकांचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. शेपटीनं पुढे येऊन त्यांच्या तळहातावर एक टरफल ठेवलं होतं. कालच्या केकचंच, तिनं जपून ठेवलेलं. दोन गोल डोळे आणि टोकदार मिशा.

"बाबा, याच्यासारखाच एक तिकडे वळणावर पडलाय," ती म्हणाली. "एकटाच."

तोफ उठून वडिलांच्या शेजारी उभा राहिला. समोर नव्हे, शेजारी.

काकांनी टरफलाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"नाका सूर्य मावळला की बंद होतो," ते हळूच म्हणाले. "खड्ड्यापर्यंत गेलं तर परत यायला उशीर होतो. पलीकडे अडकलो, तर मग इथे... इथे हे सगळं कोण सांगणार? म्हणून मी वळणावरच डबे रिकामे करत होतो. म्हटलं, सालीच तर आहेत. कुजून जातील."

मावशी कपाळाला हात लावून म्हणाली, "म्हणजे साली टाकू नका हे सांगायला वेळेवर पोचावं, म्हणून तुम्ही साली टाकत होता?"

टोपीवाले पाहुणे फिस्सकन हसले. मग आजी. मग सगळेच. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण ते उठले आणि बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"हत्ती बिघडला नाही, बाई. मी बिघडवला. आजपासून बंद. त्याला नेऊ नका."

"डबे रात्री घट्ट झाकणानं पत्र्याच्या खोलीत कुलूपबंद, आणि चांगलं उजाडल्यावर थेट खड्ड्यात," बाई म्हणाल्या. "वळण आमची माणसं साफ करतील. तो अजून काही दिवस येईल, शोधेल, गाड्या अडवेल. तोवर सगळ्यांनी लांबच थांबायचं. सुट्टी संपेपर्यंत मी वाट पाहते. तेवढ्यात त्याची सवय सुटली नाही, तर मात्र माझा इलाज नाही."

"आणि पाढे?" तोफ गरजला. आवाज परत आला होता. "पाढे मी म्हणेन! मला नाक्यापलीकडूनही ऐकू जाईल असं म्हणता येतं!"

*

झालरकान्याला ते लगेच पटलं नाही. तो आला, वळणावर उभा राहिला, झुडपं हुंगून गेला. गाड्या लांब थांबून राहिल्या. एकदा तर दूधवाल्याचा नाक्यावरचा चहा हुकला. झालरकान्यानं पुन्हा येऊन हुंगलं, पाय आपटला, गेला. मग एक दिवस आला नाही. मग आला, पण दुपारी, आणि थांबलाच नाही.

टिपकागदच्या निघायच्या दिवशी बाई मुद्दाम कॅम्पवर आल्या. त्यांनी आपली दुर्बीण टिपकागदच्या गळ्यात घातली. "पुढच्या सुट्टीपर्यंत तुझ्याकडे. आणि तुला काय देऊ रे, तोफ? तू त्या दिवशी जीपमध्ये कुजबुजलास. माझ्या मते सगळ्यात अवघड काम तेच होतं." शेपटीला कोळशाची पुडी मिळाली. मावशीनं तिला एक अख्खं, न फोडलेलं अंडं दिलं.

काका व्हॅन चालवत होते. डिकीतला खड्डा त्यांनी दुरुस्त केला नव्हता. राहू दे, म्हणाले, पाढ्यांच्या वेळी दाखवायला बरा.

वळण आलं. काकांनी लांबच ब्रेक दाबला.

झालरकान्या झाडीतून बाहेर आला. रस्त्यावर चढला. टिपकागदनं दुर्बीण उचलली आणि श्वास रोखला. आता तो वळेल का? मागे येईल का?

तो सरळ चालत राहिला. फाटक्या कानानं एक माशी हाकलली, पलीकडच्या उतारावर उतरला आणि बांबूंमध्ये दिसेनासा झाला. गाडीकडे त्यानं एकदासुद्धा पाहिलं नाही.

"टिपके, इतकं केलंस तू त्याच्यासाठी, आणि ओळखसुद्धा दाखवली नाही!" तोफ म्हणाला.

टिपकागदनं दुर्बीण खाली ठेवली. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"तेच तर हवं होतं," ती म्हणाली. "चला काका."