अर्धी ओळ

दातांच्या डॉक्टरांना एक प्रीअँप घ्यायचा होता. गोष्ट एवढीच होती, आणि एवढ्यावरच थांबली असती तर फार बरं झालं असतं.

बाकी सगळं जमून आलं होतं. दोन माणसांनी उचलावं असं जड टर्नटेबल, छातीएवढे उंच स्पीकर आणि समोर एकच खुर्ची. दुसऱ्या खुर्चीने आवाज बिघडतो, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. घोडं अडलं होतं ते प्रीअँपपाशी. सुई तबकडीवरून जे उचलते ते अगदी क्षीण असतं, ते वाढवून पुढे द्यायचं काम प्रीअँपचं. तो चुकला, तर मागचा-पुढचा सगळा खटाटोप पाण्यात.

दुकानदार ओळखीचा होता. पेटी घरी आणून जोडून द्यायचा आणि म्हणायचा, "ठेवून घ्या डॉक्टर, घाई नाही. गाणारं माणूस खोलीत येऊन उभं राहिलं असं वाटलं, की मला कळवा."

डॉक्टरांची पारख मात्र जगावेगळी होती. ते तबकडी लावतच नसत. सुई उचललेली ठेवायची, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवायचं आणि डोळे मिटून बसायचं. यंत्र नुसतं बसून किती कुरकुरतं, ते आधी ऐकायचं. उभा जन्म ड्रिलची किरकिर ऐकण्यात गेलेल्या माणसाला शांततेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हा सगळा आटापिटा एका तबकडीसाठी होता. डॉक्टरांची बायको गायची, मुलींना गाणं शिकवायची. तिचं एकच गाणं तबकडीवर आलं होतं, दोन कडव्यांचं. तिसरं कडवं तबकडीत मावलं नव्हतं. गाणं सुरू होण्याआधी टेबलावर नखाचा आवाज ऐकू येई, टक टक. ती तिची शिकवण्याची सवय. अर्धी ओळ स्वतः म्हणायची, नखाने दोनदा वाजवायचं, की उरलेली अर्धी ओळ समोरच्याने म्हणायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी तबकडी इतकी वाजवली होती की आवाजापेक्षा खरखर जास्त झाली होती. प्रत्येक वेळी सुई तिला थोडं थोडं झिजवत होती. आता एकदाच वाजवायची, आणि तीही योग्य यंत्रावर, असं त्यांनी ठरवलं होतं.

पहिला प्रीअँप माशीसारखा घोंघावला. दुसरा नव्या धाटणीचा होता, भिंतीसारखा मुका. पण त्यावर दुसरी कुठली तबकडी लावून पाहिली, तर गाणारा काचेपलीकडे उभा असल्यासारखा वाटला. तिसरा जुना होता, पूर्वीच्या रेडिओत असत तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. कुणाच्या तरी घरातून आलेला. व्हॉल्व्ह तापले, तांबूस उजळले. बाहेर आभाळ भरून दुपारीच अंधारलं होतं. डॉक्टरांनी सुई उचलून ठेवली, बटण पूर्ण फिरवलं आणि डोळे मिटले.

आधी नुसती बारीक सूं... पातेल्यात पाणी तापायला लागावं तशी. मग त्या आवाजात कुणीतरी चाललं. सपाता फरशीवर घासत, दारापासून आत. थांबलं. आणि मग...

टक टक.

डॉक्टरांनी डोळे उघडले. तबकडी लावलेलीच नव्हती. ते घाबरले, पण खरं सांगायचं तर भीतीखाली दुसरंही काहीतरी होतं. आनंदच होता तो.

दुकानदार आला. त्याने झाकण काढलं आणि पेन्सिलीने एका व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारली. स्पीकरमधून टण्ण झालं.

"हात्तिच्या! याला कान आलेत," तो हसला. "जुन्या व्हॉल्व्हचं होतं असं. आतले धागे ढिले होतात, मग खोलीतला आवाज हा ऐकतो आणि स्पीकरमधून परत सांगतो." तो वाकून व्हॉल्व्हपाशी पुटपुटला, आणि त्याची पुटपुट दोन्ही स्पीकरमधून आली. "बघा. भूतबीत काही नाही."

"म्हणजे मी ऐकलं ते तबकडीतलं नव्हतं?"

"छे. खोलीतलंच."

"आणि मोठं ऐकू आलं, तर ते याच्या जवळ असणार?"

"अर्थात. तुमच्याच चपलांचा आवाज असेल."

डॉक्टर अनवाणी होते. घरात ते काहीच घालत नसत.

"व्हॉल्व्ह बदलून देतो," दुकानदार म्हणाला.

"नको. राहू दे."

रविवारी डॉक्टरांची मुलगी आली. तिला त्या खोलीचा मनस्वी राग होता. डॉक्टरांनी सगळं सांगून 'ये ना ऐकायला' म्हटलं, तेव्हा ती दारातच थांबली.

"आई आत खोकत पडली होती, तेव्हा तुम्ही इथे स्पीकर दोन बोटं पुढे की दोन बोटं मागे करत बसला होतात. आता कशाला ऐकायचंय?"

डॉक्टरांना फार एकटं वाटत होतं. पण ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी तबकडी पुसली आणि सुई टेकवली.

तबकडीतून बायको गायली. खरखर होती, पण ती समोर उभी राहून गायली. दोन कडवी झाली. डॉक्टरांचे गाल ओले झाले होते. त्यांनी सुई उचलली, तबकडी थांबवली.

गाणं थांबलं नाही.

खरखर गेली होती. स्वच्छ, हलका, थोडा दमलेला आवाज तिसरं कडवं म्हणत होता. अर्धी ओळ झाली आणि तो थांबला. टक टक.

"म्हण ना," डॉक्टर कुजबुजले. "मला येत नाही गं... तुलाच शिकवलं होतं तिनं."

मुलीने तोंडावर हात दाबला होता. पुन्हा तीच अर्धी ओळ आली, आधीपेक्षा मोठी. टक टक. पुन्हा, आणखी मोठी. आता ओळीआधीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, जणू ओठ काचेला टेकलेत. मुलगी धावत गेली आणि तिने भिंतीतला प्लग उपटला.

"बंद का केलंस? ती थांबली होती तुझ्यासाठी!"

"म्हणूनच केलं, बाबा."

प्लग अजून तिच्या हातातच होता. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग विझत चाललेल्या व्हॉल्व्हकडे. बोट ठेवलं तर भाजावं अशी ती काच, आणि तिच्यावर वाफेचा एक गोल डाग हळूहळू पुसला जात होता. तेव्हा मरणाऱ्या माणसाला सोडून यंत्राकडे बघितलं, आता जिवंत माणसाला सोडून पुन्हा तेच करायचं का? त्यांनी दुकानदाराला फोन केला. जुना घेऊन जा, तो मुका प्रीअँपच द्या. सांगायला जड गेलं, पण त्यांनी सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी अदलाबदल झाली. मुलगी काही दिवस राहायलाच आली. खोलीत दुसरी खुर्ची आली. डॉक्टरांनी नव्या यंत्राचं बटण पूर्ण फिरवून पाहिलं. काही नाही. सपाताही नाहीत, श्वासही नाही. त्या शांततेत त्यांना रडू आलं, आणि थोडं हलकंही वाटलं.

संध्याकाळी फोन वाजला. दुकानदार होता.

"डॉक्टर, तुमचा तो जुना इथे दुकानात लावलाय. विचारायचं होतं... यावर कुठलं रेडिओ स्टेशन लागत होतं का? एक बाई दुपारपासून अर्धीच ओळ म्हणतेय. आणि टकटक. गिऱ्हाईक घाबरून गेलं हो."

डॉक्टरांनी फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. दुकानदाराच्या मागे, लांबून, नख वाजत होतं. स्वयंपाकघरात मुलगी भांडी विसळत होती. नळाच्या आवाजात ती काहीतरी गुणगुणत होती, स्वतःच्याही नकळत. डॉक्टरांनी ती ओळ कधी ऐकली नव्हती. पण ती कुठल्या ओळीचा उरलेला अर्धा भाग आहे, हे त्यांना लगेच कळलं.

"अगं, नको..." ते ओरडणार होते. तोवर तिची ओळ पुरी झाली होती.

"अरे," फोनवर दुकानदार म्हणाला. "थांबलं बघा आपोआप."

आत नळ बंद झाला. मग मुलीचा आवाज आला, अगदी दबका.

"बाबा... ओट्यावर टकटक तुम्ही केलीत ना?"